शोभत नाही

शाळेचं हस्तलिखित ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांना त्यातली मजा सांगून कळायची नाही. दिवाळीची सुट्टी संपली की ड्रॉइंग पेपरचे ताव यायचे. ते सारख्या मापात कापायचे, पट्टीने शिसपेन्सिलच्या फिकट रेघा मारायच्या, ज्या दोन-तीन पोरींचं अक्षर वळणदार त्यांना बसवून मजकूर उतरवून घ्यायचा, मग रेघा खोडरबराने पुसायच्या आणि चहूकडून स्केचपेनने वेलबुट्टी. एखादा ताव शाईच्या डागाने वाया गेला की सगळे मिळून हळहळायचे. शेवटी शहाद्याला नेऊन बांधणी करून आणायची आणि सव्वीस जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. अशा वहीची एकच प्रत असते. छापील अंक काढणं आमच्या भागातल्या शाळांना परवडणारं नव्हतं, म्हणून वर्षाचा वृत्तान्त, मुलांचं साहित्य, वर्गाचा फोटो हे सगळं त्या एका प्रतीत. वर्तमानपत्रही तेच, वर्षाची आठवणही तीच.

आत काय असायचं? खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त उतरवलेलं. सुविचार, कोडी, झाडांचे फायदे, ‘माझी आई’. पहिल्या दोन-चार पानांत शिरीषकुमारचं चित्र असायचंच. नंदुरबारच्या कुठल्याही शाळेच्या वहीत ते असतं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या पोरांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता नि त्याच्याबरोबरचे लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम असे पाच जण गेले. हा इतिहास इथल्या पोराला तारखेसकट पाठ. पण त्या मिरवणुकीतल्या घोषणा गुजरातीत होत्या, कारण शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती, हे बहुतेक वह्यांत नसतं. पोरं घरच्या भाषेत घोषणा देत रस्त्यावर आली होती. मला ही गोष्ट साधी वाटत नाही. पुढं जे सांगणार आहे त्याच्याशी तिचा संबंध आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. शाळेला लागून वसतिगृह होतं. हस्तलिखिताचं काम मराठीच्या मास्तराकडेच येतं, तसं ते माझ्याकडे होतं. संपादक मंडळ मात्र पोरांचं, नववी-दहावीतली पाच जणं. मजकूर त्यांनी गोळा करायचा, निवडायचा, मी शुद्धलेखन बघायचं आणि शेवटची नजर मुख्याध्यापकांची, अशी वाटणी. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी दोन मजकुरांवर लाल पेनने आडवी रेघ मारली आणि दोन्हींच्या बाजूला समासात तेच दोन शब्द लिहिले, ‘शोभत नाही’.

दोन्ही मजकूर अगदी वेगळे होते. तरी शेरा एकच. माझ्या डोक्यात तो किडा तेव्हा शिरला तो अजून गेलेला नाही.

पहिला मजकूर एका भिल्ल मुलीचा. अक्कलकुव्याकडची, आठवीतली. ‘माझे घर’ या नेहमीच्या विषयावर तिनं दीड पान लिहिलं होतं. त्यात फुलबागही नव्हती आणि अंगणातली तुळसही. तिनं लिहिलं होतं की दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं. तिची याहा आणि बाबा उसाला जातात, गुजरातेत. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, ती किती दिली तो आकडाही होता. धाकटा भाऊ बरोबर जातो, कारण त्याला वसतिगृहात घेत नाहीत, तो लहान आहे. एक बकरी आजीकडे राहते. बाबा संध्याकाळी महू पितात आणि मग गाणी म्हणतात, तेव्हा घर चांगलं वाटतं.

शिक्षकखोलीत यावर बरंच बोलणं झालं. एक जण म्हणाले, “पोरीनं बापाची दारू वेशीवर टांगली.” दुसरे म्हणाले, “पाहुणे वाचतील तर काय म्हणतील, आपण हेच शिकवतो का?” आणि ‘याहा’ला तर आधीच लाल गोल पडला होता, वर ‘आई’ लिहिलेलं. याहा म्हणजे आईच. देवमोगऱ्याच्या याहामोगीच्या नावातही तीच आई आहे. महाशिवरात्रीला सगळा डोंगर तिच्या यात्रेला लोटतो. तिच्यापुढं महूची धार धरल्याशिवाय नवस फिटत नाही. पोरीनं महू लिहिलं ते या घरातून. ते वाचलं मात्र दुसऱ्याच घरातल्या माणसांनी, जिथं त्या शब्दाला फक्त गटाराचा वास आहे. दारूनं संसार बुडालेली घरं या डोंगरात नाहीत असं मी म्हणत नाही, ढीगभर आहेत. पण तिच्या दीड पानात बुडालेला संसार नव्हता. गाणं म्हणणारा बाप होता. लाज तिच्या ओळीत नव्हतीच, ती वाचणाऱ्यानं बरोबर आणली होती.

मी संपादक मंडळातल्या पोरींना म्हटलं, तिलाच विचारा. तिनं काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगू दे. संध्याकाळी त्या तिच्याशेजारी ओट्यावर बसल्या. परत आल्या तर मजकुरात एकच जागा खोडलेली. महू तसंच होतं, गाणीही, याहाही. खोडला होता तो उचलीचा आकडा.

का? तर मुकादम त्यांच्याच गावचा. त्याचा पोरगा आमच्याच शाळेत सहावीत. आकडा वहीत आला, तो घरी गेला, तर पुढच्या पावसाळ्यात उचल देताना मुकादम बापाला ऐकवील. कमी देईल, नाहीतर देणारच नाही.

आम्ही पाच-सहा पदवीधर माणसं तासभर बोललो होतो आणि त्या आकड्याकडे एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. आम्हाला झाकावंसं वाटलं ते तिला उघडं ठेवायचं होतं आणि आम्हाला जे निव्वळ माहिती वाटली तिथं तिच्या घराची मान अडकलेली होती. मुलाच्या लिहिण्यात त्याला इजा करील असं काही असेल तर ते काढावं, हे मला मान्य आहे. पण इजा कुठं आहे हे बाहेरच्या माणसाला दिसतंच असं नाही. तेरा वर्षांची पोर ते नेमकं दाखवू शकते, फक्त तिला विचारावं लागतं.

मुख्याध्यापकांनी तो मजकूर पुढं येऊ दिला. ‘याहा’ मात्र त्यांना खटकत राहिलं. तळटीप द्या म्हणाले. पोरांनी तळटीप दिली, ‘याहा म्हणजे आई.’ आणि पुढच्या पानावरच्या एका गुजर मुलाच्या ‘माझी आई’ या निबंधाखालीही एका द्वाड संपादकानं टीप टाकली, ‘आई म्हणजे याहा.’ ती कुणाच्या लक्षात आली नाही.

दुसरा मजकूर डाळीचा.

नववीतल्या एका मुलानं बातमी लिहून आणली. मथळा, ‘वसतिगृहातील जेवण’. त्यानं काहीच आरोप केला नव्हता, नुसती मोजदाद होती. वसतिगृहाच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, दर मुलामागे रोज डाळ ५० ग्रॅम. मुलं ७०. म्हणजे साडेतीन किलो. प्रत्यक्षात पातेल्यात पडते ती दोन किलो. त्रैराशिक मांडून दाखवलं होतं. गणिताच्या मास्तरांना खरं तर आनंद व्हायला हवा होता.

संपादक मंडळात वाद झाला. लिहिलंय ते खरं आहे, यावर सगळ्यांचं एकमत. पण दहावीतली एक मुलगी म्हणाली की हे वाचून लोक कुणाला धरतील? स्वयंपाकाच्या बाईंना. त्यांना न विचारता हे कसं टाकायचं? मला तेव्हा त्या पोरीचं कौतुक वाटलं आणि आजही वाटतं. मी त्यांना काही पत्रकारिता शिकवलेली नव्हती. बाईंच्या हातची भाकर ती रोज खात होती, एवढंच.

मग पोरं बाईंकडे गेली. बाई चुलीपुढून उठल्या नाहीत. पोराचा कागद कुणीतरी वाचून दाखवला तेव्हा म्हणाल्या, “माले कोनी इचारं का आजलोंग? कोठीमाईन दोन किलोच निघस. मी काय घरनी आनू?” कोठीची किल्ली बाईंकडे नव्हती. पोरांनी बाईंचं म्हणणं बातमीत घातलं, किल्ली कुणाकडे असते तेही लिहिलं, आणि पान पूर्ण केलं.

आता गंमत बघा. पहिला, कच्चा कागद मुख्याध्यापकांनी चाळला होता तेव्हा नुसतं ‘जरा बघा हे’ म्हणून परत दिला होता. त्या कागदावरून लोकांनी फार तर बाईंना नावं ठेवली असती. बाईंना विचारून बातमी नीट झाली, दोष चुलीवरून कोठीपर्यंत चढला, आणि मग त्यावर रेघ आली. अर्धवट होतं तोवर कुणाला टोचलं नाही. पुरं झाल्यावर ‘शोभत नाही’.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. पावसाळ्यात नाला भरला की पोरांना खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवणारा माणूस. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, “सर, वसतिगृह अनुदानावर चालतं. तपासणीला आलेल्या माणसानं ही वही उघडली, तर आधी चौकशी लागेल, मग अनुदान थांबेल. सत्तर पोरं कुठं जातील? उसाच्या फडात. दोन किलो डाळ तरी मिळतेय.”

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आदर्श मांडणारा माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवतो. सत्तर पोरांच्या जेवणाची जबाबदारी त्याच्यावर नसते. पण मी त्यांना एवढंच म्हटलं, की सर, हे मला सांगितलं ते पोरांना सांगा. ‘मला भीती वाटते’ असं सांगा. ते कबूल होईनात. समासात ‘शोभत नाही’ हेच राहिलं.

माझ्या मते खरी गोची इथंच आहे. भीती हे कारण खरं होतं, पोरांना ते समजलंही असतं. भीती म्हणजे काय हे उचलीचा आकडा खोडणाऱ्या पोरीपेक्षा कुणाला जास्त कळणार? कदाचित पोरांनी स्वतःच ठरवलं असतं की यंदा नको. किंवा म्हणाली असती की वहीत नको, पण आम्ही चार जण कोठीवाल्यांना जाऊन भेटतो. ‘शोभत नाही’ या शब्दानं तो रस्ताच बंद केला. त्यानं पोरांना असं सांगितलं की दोष मोजणाऱ्याच्या वागण्यात आहे. मोजलेल्या डाळीत नाही. मुलीच्या लिहिण्यावर हा शब्द आला तेव्हा तो निदान तिच्या काळजीपोटी आला होता, चुकीच्या जागी का होईना. डाळीवर आला तेव्हा तो मोठ्यांच्या काळजीपोटी आला आणि त्यानं मुलांच्या काळजीचा वेष घेतला. तोच शब्द एकदा दुबळ्यावर पांघरूण घालतो, एकदा बळकटावर. ऐकणाऱ्या पोराला फरक कळू नये अशीच त्याची घडण आहे.

पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या एका खटल्याबद्दल वाचलं आणि आमची शिक्षकखोली आठवली. मिसुरी राज्यात हेझलवूड ईस्ट नावाची हायस्कूल. तिथं मुलं ‘स्पेक्ट्रम’ नावाचं वर्तमानपत्र काढायची. १९८३ मध्ये मुख्याध्यापकांनी त्यातली दोन अख्खी पानं काढून टाकली. एक लेख शाळेतल्या गरोदर राहिलेल्या मुलींवर होता. नावं बदललेली होती, पण मुली ओळखू येतील असं त्यांना वाटलं. दुसरा आईबापांच्या घटस्फोटावर. त्यात एका मुलीनं बापाविषयी तक्रार केली होती आणि बापाला त्याची बाजू विचारलेली नव्हती. मुलं कोर्टात गेली. १३ जानेवारी १९८८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल शाळेच्या बाजूनं दिला. मुलांच्या लिहिण्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारे आजही या निकालावर नाराज असतात.

मीही नाराज होण्याच्या तयारीनं वाचायला बसलो होतो. पण त्या मुख्याध्यापकाची दोन्ही कारणं वाचली आणि थबकलो. ही तर आमच्या पोरांनीच काढलेली कारणं! ओळखू येऊन इजा होईल, हे उचलीच्या आकड्याचं कारण. दुसऱ्याची बाजू विचारली नाही, हे स्वयंपाकाच्या बाईंचं. कारणं बरोबर, पण हात कुणाचा? तिथं पानं काढणारा हात मुख्याध्यापकाचा होता आणि त्यानं लिहिणाऱ्या मुलांना आधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे तीच दोन कामं पोरांनी एकमेकांना विचारून केली. काय गाळायचं याचं तारतम्य मुलांना नसतं, म्हणून लाल पेन मोठ्यांच्या हातात हवा, असं म्हणणाऱ्यांना मी ही वही दाखवीन.

आपल्या खानदेशाला शाळेतल्या हस्तलिखिताचं नवल नसावं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही त्यांच्याकडेच होतं, आणि तिथं ते हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. पुढं १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. अमळनेर आमच्यापासून लांब नाही, नंदुरबारला गाडीत बसलं की त्याच रुळावर. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांची अंथरुणं आवरून ठेवणारा तो माणूस. त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. तरी एक बोलावंसं वाटतं. ते दैनिक गुरुजी मुलांसाठी लिहीत. मुलांनी गुरुजींसाठी, किंवा गुरुजींच्या कारभाराविषयी लिहिलेलं दैनिक ही पुढची पायरी होती. त्या पायरीवर आपण शंभर वर्षांत फारसे चढलो नाही. आपल्याकडे माया पुष्कळ आहे. मुलानं आपल्याला मोजावं, ही तयारी नाही.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. ज्यांची दुःखं सांगितली जाताहेत ते खाली बसलेत, त्यांना वर कुणी बोलावलंच नाही आणि सांगणारे दुसरेच आहेत, असा तिचा विषय. शाळेचं हस्तलिखितही एक लहानसं स्टेजच असतं. त्यावर पोरं उभी असतात, पण बोलणं पुष्कळदा मास्तरांचं असतं.

डाळीचं पान अखेर वहीतून निघालं. बांधणीच्या आधीच निघालं, त्यामुळे फाडल्याची खूण नाही. फक्त पोरांनी पृष्ठक्रमांक बदलले नाहीत. ३४ नंतर एकदम ३७. प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांनी वही चाळली, वेलबुट्टीचं कौतुक केलं आणि पुढं गेले. नंतरच्या वर्षांत मात्र ज्या ज्या पोरांनी ती वही हातात घेतली, त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं की मधलं पान कुठं गेलं. डाळ वाढली का, असं मला लोक विचारतात. त्याच वर्षी नाही. पुढं कोठीची किल्ली दुसऱ्याकडे गेली तेव्हा थोडी वाढली. त्याचं श्रेय त्या पानाला देण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.

आता काळ बदलला. एका प्रतीची वही म्हणजे वाचणारे मोजके, कपाटाला कुलूप. आज पोरं मोबाइलवर अंक करतात, पानाचा फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो मुकादमाच्या मोबाइलवर असतो. त्या मुलीला ‘काय ठेवू, काय काढू’ हे विचारणं आज दुप्पट गरजेचं आहे आणि तिला उत्तर देणंही दुप्पट अवघड, कारण कोण कोण वाचणार हे तिलाही माहीत नसणार. पण म्हणून तिनं ‘झाडांचे फायदे’ लिहावं, असा सल्ला माझ्याकडून यायचा नाही.

त्या वहीत शेवटी दहावीच्या वर्गाचा फोटो होता. फोटोवाला जानेवारीत आला तेव्हा वर्गातली अकरा मुलं आईबापाबरोबर उसाला गेलेली. मुख्याध्यापक म्हणाले, खाली ‘गैरहजर’ लिहून नावं द्या, रीतच आहे. पोरांनी ऐकलं नाही. गैरहजर म्हणजे न सांगता राहिलेले, हे तर सांगून गेलेत. त्यांनी लिहिलं, ‘फोटोच्या दिवशी उसाला गेलेले’, आणि प्रत्येक नावापुढं कुठल्या कारखान्याच्या भागात, तेही. बारडोली, मढी, चलथाण, सायण. यावर कुणी रेघ मारली नाही. शोभत नाही असं त्यात काय आहे हे बहुधा कुणाला सुचलं नसावं.

एप्रिलच्या अखेरीला ती पोरं परतली. हात कोयत्यानं चरबटलेले, परीक्षा बुडालेली. त्यांच्यातल्या एकाला वही दाखवली. त्यानं आपलं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, “सर, बारडोली चुकलंय, आम्ही मढीला होतो.” मी खिशातला पेन त्याच्यापुढं धरला. त्यानं बारडोलीवर रेघ मारली, वर मढी लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसला आणि मग पुढच्या पोराकडे वही सरकवली.